कोण काय शिकवणार? सत्र सुरू होण्याआधीची पात्रता-तयारी, इंदूरच्या कॉलेजांसाठी

शिक्षकांची पात्रता तपासायची म्हटले की बहुतेक कॉलेजांत ऑफिसातले कपाट उघडून सेवापुस्तिका काढतात. तिथेच चूक होते. सेवापुस्तिकेतून माणूस नेमायला योग्य होता एवढे कळते. यंदा तो कोणता पेपर शिकवणार आहे, हे तिच्यात नसते. म्हणून यादीची सुरुवात वेळापत्रकापासून करा. मागच्या सत्राचे वेळापत्रक घ्या, त्यात येत्या सत्राचे बदल घाला आणि मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: पेपरचे नाव, आठवड्याचे तास, शिकवणाऱ्याचे नाव, त्याचा एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम.चा नेमका विषय, आणि नेट, सेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या देशपातळीवरच्या आणि राज्यपातळीवरच्या पात्रता परीक्षा) वा पीएच.डी.चा नेमका विषय. पहिला आणि शेवटचे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले की अर्ध्या तासात खरे दुखणे दिसते. मध्य प्रदेशात सत्र जुलैत सुरू होते, तेव्हा हा कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार हवा. मे महिन्यात बाहेरची विद्यापीठे पडताळणीच्या पत्राला सावकाश उत्तर देतात आणि जूनमध्ये तर सगळे प्रवेशात अडकलेले असतात.

रकाने भरण्याआधी प्रत्येक अभ्यासक्रमाला कुणाचा नियम लागतो ते ठरवा. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) १८ जुलै २०१८चा नियम लागतो. अभियांत्रिकी आणि एमबीएला एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) २०१९चा, औषधनिर्माणाला फार्मसी कौन्सिलचा २०१४चा, बी.एड.ला एनसीटीईचा (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा), विधीला बार कौन्सिलचा. इंदुरात गल्लोगल्ली बीबीए, बीसीए आहेत; २०२४-२५पासून हे दोन्ही एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले. त्यामुळे आतापर्यंत बी.कॉम.च्या फायलीत चालून गेलेली बीबीएची नावे वेगळी काढून पुन्हा तपासावी लागतात. एकाच छताखाली तीन नियामक असतील तर तीन रंगांच्या फायली करा, एकीत घालू नका. एमबीएसाठी पदव्युत्तर पदवी प्रथम श्रेणीत आणि त्यानंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. ही अट एम.कॉम.वाल्या फायलींच्या सवयीने हमखास नजरेआड होते.

आता यूजीसीच्या साध्या वाटणाऱ्या अटीकडे. सहायक प्राध्यापकाला संबंधित, तत्सम किंवा जोडविषयात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. नियमाप्रमाणे झालेली पीएच.डी. असेल तर नेटमधून सूट आहे. विद्यापीठ विभागांसाठी पीएच.डी. सक्तीची होणार अशी बरीच वर्षे चर्चा होती; १ जुलै २०२३पासून नेट-सेट हाच किमान निकष धरून ती ऐच्छिक केली. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमिलेअर ओबीसी आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. १९ सप्टेंबर १९९१पूर्वी पदव्युत्तर झालेल्या पीएच.डी.धारकांनाही तेवढीच. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. नेटच्या सूचनेत टक्केवारी वर सरकवायची नाही असे स्पष्ट असते, आणि ५ टक्क्यांची सवलत ग्रेस गुणांनी भरून काढता येत नाही. टक्केवारी काढताना चारही सत्रांची बेरीज घ्या. शेवटच्या गुणपत्रिकेवरचा आकडा पाहून पुढे जाणे ही क्लार्क मंडळींची जुनी खोड आहे.

टक्क्यांऐवजी सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर गुणपत्रिका उलटी करा, सूत्र मागच्या बाजूला छापलेले असते. नसेल तर त्या विद्यापीठाचे रूपांतर-पत्र मागा, मनाने १०ने गुणू नका. एआयसीटीईच्या तक्त्यात दहाच्या मापावर ६.२५ला ५५ टक्के आणि ६.७५ला ६० टक्के धरतात. ६.० म्हणजे ६० समजून ‘प्रथम श्रेणी’ लिहिली, तर अभियांत्रिकीची नेमणूक तिथेच अडते.

इंदूरच्या मराठी मंडळींना सर्वांत जास्त दगा देणारी गोष्ट म्हणजे सेट. पुण्याहून, नाशिकहून लग्न होऊन आलेल्या किंवा नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांच्या फायलीत महाराष्ट्राची सेट असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती, महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची. १ जून २००२पूर्वी झालेल्या परीक्षेतली सेट देशभर चालते. त्यानंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. म्हणजे २०१५ची महाराष्ट्र सेट इंदूरच्या कॉलेजात पात्रता म्हणून उपयोगाची नाही. बडोद्याहून आलेल्यांच्या जीसेटचेही (गुजरातच्या सेटचेही) तेच. मध्य प्रदेशची सेट राज्य लोकसेवा आयोग घेतो, आणि तो आयोग इंदुरातच आहे. तेव्हा शंका असल्यास चौकशीला लांब जावे लागत नाही. अशा उमेदवाराला पीएच.डी. असेल तर पात्रता त्या आधारावर दाखवा, सेटचा कागद फक्त जोड म्हणून लावा. पीएच.डी. नसेल तर नेट किंवा मध्य प्रदेश सेट दिल्याशिवाय नेमणूक नियमित होत नाही, हे मुलाखतीआधी तोंडावर सांगितलेले बरे. नंतर सांगितले की मन दुखते आणि पगाराचा हिशेबही चिघळतो.

नेटचा कागद हातात आला की तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रकार. जून २०२४च्या परीक्षेपासून यूजीसी नेटचे निकाल तीन गटांत लागतात: जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, केवळ पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्या गटातला माणूस ‘नेट झालेला’ असे सांगतो, खोटेही बोलत नाही, पण शिकवायच्या पदासाठी तो पात्र नसतो. दुसरी, तारीख. शेवटच्या वर्षात असताना नेट दिली असेल, तर निकालापासून दोन वर्षांत आवश्यक टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी पूर्ण झालेली हवी. नाहीतर ती नेट बाद. हे कुणी तपासत नाही. निकालाची तारीख आणि पदवीच्या निकालाची तारीख एकाखाली एक लिहून ठेवा. जेआरएफच्या पत्राची मुदत संपते, सहायक प्राध्यापकाची पात्रता संपत नाही. या दोन्हींची गल्लत करून चांगल्या उमेदवाराला परत पाठवलेले प्रकरण अधूनमधून होतेच. तिसरी, विषय. सीएसआयआर नेटमध्ये (विज्ञान विषयांच्या नेटमध्ये) वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र या सगळ्यांवर ‘जीवविज्ञान’ असा एकच शिक्का असतो. तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राचा पेपर कोण घेणार याचा निकाल एम.एस्सी.च्या विषयावरून लावायचा. वाणिज्य आणि व्यवस्थापन मात्र यूजीसी नेटमध्ये वेगवेगळे विषय आहेत, संगणकशास्त्र वेगळा, गृहविज्ञान वेगळा.

पीएच.डी.च्या फायलीत पदवी-प्रमाणपत्र एवढेच पुरेसे नसते. ११ जुलै २००९पूर्वी नोंदणी झालेल्याला नेटमधून सूट हवी असेल, तर विद्यापीठाच्या कुलसचिवाचे किंवा अधिष्ठात्याचे पत्र लागते. त्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: पदवी नियमित पद्धतीने मिळाली, किमान दोन बाह्य परीक्षकांनी प्रबंध तपासला, मौखिकी खुली झाली, संशोधनातून दोन लेख प्रसिद्ध झाले आणि त्यांपैकी एक तरी तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात, परिषदांत दोन सादरीकरणे झाली. चारच मुद्द्यांचे पत्र आले तर परत पाठवा. नंतरच्या नोंदणीला २००९, २०१६ किंवा २०२२च्या नियमाप्रमाणे पदवी दिल्याचा उल्लेख हवा. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) आहे का, ते पाच मिनिटांत पाहता येते. शीर्षक, मार्गदर्शक, वर्ष फायलीशी जुळवा. तिथे नसणे हा गुन्हा नाही, जुने प्रबंध नसतातही, पण २०१८ नंतरचा दिसत नसेल तर विद्यापीठाला पत्र टाका. जानेवारी २०२५मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना २०२५-२६पासून पाच वर्षे पीएच.डी. प्रवेश द्यायला मनाई केली. जिथून कमी काळात पदवी मिळाल्याचे दिसते, तिथली पडताळणी अगदी पहिल्या दिवशी पाठवा. यूजीसीच्या संकेतस्थळावरची बनावट विद्यापीठांची यादीही एकदा नजरेखालून घाला.

पडताळणीचे पत्र कॉलेजकडून थेट संबंधित विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला जायला हवे. उमेदवाराने आणून दिलेला बंद लिफाफा ही पडताळणी नव्हे. डिजिलॉकरमध्ये किंवा राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात पदवी असेल तर काम त्याच दिवशी होते. नसेल तर शुल्क भरून सहा आठवडे धरा. नेटचे ई-प्रमाणपत्र क्रमांकावरून तपासता येते. छापील प्रत रंगीत आहे म्हणून विश्वास ठेवू नये.

नावांचा घोळ इथे नेहमीचाच. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. शेजारी आईचे नाव वेगळे. मध्य प्रदेशच्या कागदावर नाव आणि आडनाव, वडील वेगळ्या ओळीत. त्यात लग्नानंतर नाव बदललेले असेल तर एकाच बाईंची तीन नावे तीन कागदांवर दिसतात आणि निरीक्षण समिती तिथेच थबकते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद असल्यास ती, आणि ‘ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे शपथपत्र, हे तिन्ही फायलीच्या पहिल्या पानाला लावा. दहावीचे प्रमाणपत्र आधार धरून पुढची नावे जुळवत जा.

आता पुन्हा त्या मोठ्या कागदाकडे. सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकांचे १४. समजा अर्थशास्त्राचे एकूण ४६ तास आहेत. दोघांनी ३२ घेतले, राहिले १४. हे १४ तास इतिहासाच्या माणसाचे तास कमी पडतात म्हणून त्याला दिले जातात, आणि गोंधळ इथून सुरू होतो. तो माणूस आपल्या विषयात नेट, पीएच.डी. दोन्ही केलेला असतो. फायल निर्दोष दिसते. पण राष्ट्रीय उत्पन्नाचा पेपर त्याने शिकवू नये. तास भरण्यासाठी विषय वाटणे बंद केले की निम्म्या हरकती आपोआप जातात. कमी तास असलेल्या शिक्षकाला आपल्याच विषयाचे प्रात्यक्षिक, प्रकल्प, उपचारात्मक वर्ग द्या.

राष्ट्रीय शिक्षण धोरण मध्य प्रदेशात २०२१-२२पासून लागू आहे, आणि त्याबरोबर आलेले छोटे पेपर हा या तपासणीतला सगळ्यांत ढिला कोपरा. योग, पर्यावरण, जैविक शेती असे पेपर ‘कुणीही घेईल’ म्हणून शेवटी उरलेल्या नावावर टाकतात. योग हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, पर्यावरणविज्ञानही. जैविक शेतीला कृषी किंवा निदान वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेला माणूस पाहा. त्या पेपरला आपल्याकडे माणूसच नसेल, तर विद्यार्थ्यांना तो पर्याय देऊ नका. जुलैत पर्याय खुला ठेवून ऑक्टोबरात माणूस शोधत फिरणे सगळ्यांना महाग पडते. स्वयम्‌वर (सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर) तोच अभ्यासक्रम असेल तर तोही मार्ग आहे. सत्राच्या एकूण श्रेयांकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत तिथून घेता येतात.

अतिथी विद्वानांना (मानधनावर शिकवणाऱ्यांना) सवलत आहे हा समज चुकीचा. अतिथी असो वा करारावरचा, पात्रता नियमित पदाइतकीच लागते. करारावरच्या नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. उद्योगातला अनुभवी माणूस हवा असेल तर ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चा रस्ता २०२२पासून आहे. १५ वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा. पीथमपूरच्या कारखान्यातला निवृत्त अभियंता उत्पादन-व्यवस्थापन उत्तम शिकवेल, पण त्याला सहायक प्राध्यापक म्हणून यादीत लिहू नका.

खासगी कॉलेजातली नेमणूक देवी अहिल्या विद्यापीठाच्या परिनियम २८प्रमाणे, रीतसर निवड समितीमार्फत झालेली हवी. बोलण्यात ‘कोड अठ्ठावीस’ म्हणतात तेच हे. समितीची गणपूर्ती पाच जणांची, आणि तीन विषयतज्ज्ञांपैकी निदान दोघे हजर हवेत. इतिवृत्तावर तज्ज्ञाच्या सहीखाली त्याचा स्वतःचा विषय लिहून घ्या. समाजशास्त्राच्या निवडीला राज्यशास्त्राचा तज्ज्ञ बसल्याचे चार वर्षांनी कुणी काढले तर उत्तर द्यायला सोपे जाते. विद्यापीठाचे मान्यतापत्र आले नसेल तर त्या नावापुढे ‘प्रलंबित’ असे लिहा. रिकामा रकाना पेन्सिलने भरून ठेवण्याची सवय मोडा.

एकच नाव दोन कॉलेजांत असल्याचा संशय निरीक्षणात नेहमी येतो, कारण तसे घडते. मागच्या संस्थेचे कार्यमुक्ती-पत्र, बँकेतून गेलेल्या पगाराच्या सहा महिन्यांच्या नोंदी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि एआयएसएचईमध्ये (केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात) भरलेली शिक्षकाची माहिती, या चौघांतले कॉलेजचे नाव आणि रुजू तारीख जुळली की प्रश्न मिटतो. जुळत नसेल तर समिती येण्याआधी स्वतःच दुरुस्त करा.

नियमांचे मसुदेही मधूनमधून येतात. जानेवारी २०२५चा यूजीसीचा मसुदा त्यांतलाच. राजपत्रातली अंतिम अधिसूचना स्वतः वाचल्याशिवाय मसुद्यातल्या सवलतीवर कुणाला नेमू नका.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाच रकान्यांच्या कागदावर प्राचार्य आणि विभागप्रमुखांच्या सह्या घ्या, तारीख घाला, एक प्रत सूचनाफलकावर आणि एक फायलीत. मग सत्राच्या मध्यात बदल होतातच. प्रसूती रजा १८० दिवसांची असते, कुणाचा निकाल लागतो, कुणी भोपाळला बदलून जाते. बदली माणूस आला की जुन्या ओळीवर खाडाखोड न करता खाली नवी ओळ घाला: कोणत्या तारखेपासून कोण, कोणता पेपर, पात्रतेचा पुरावा फायलीच्या कितव्या पानावर. डिसेंबरच्या परीक्षेआधी हा कागद एकदा चालू वेळापत्रकाशी ताडून पाहा, कारण तोवर निदान दोन-तीन ओळी बदललेल्या असतात.