नागपूर, पण नागपुरात

तिसरी ते सहावीच्या मुलांकडून ऱ्हस्व-दीर्घाचे नियम नुसते घोकून घेऊ नका, जोड्या लिहून घ्या: नागपूर–नागपुरात, दूध–दुधात, बहीण–बहिणीला, वीट–विटेवर. घरगुती मराठी शब्द अकारान्त, म्हणजे शेवटी ‘अ’ असलेला, असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व.

नागपुरातल्या मुलांची इथे खरी अडचण आहे. हिंदी पाटीवर ‘नागपुर’, मराठी पाटीवर ‘नागपूर’. त्यात हिंदीत ‘दूध में’ म्हटलं तरी दू दीर्घच राहतो, म्हणून मूल ‘दूधात’ लिहितं. हा निष्काळजीपणा नव्हे, तेव्हा रागवू नका.

रोज सहाच शब्द पुरेत. मुलाने आधी मूळ शब्द लिहायचा, शेजारी लगेच प्रत्ययाचं रूप, आणि बदललेल्या वेलांटी-उकाराला पेन्सिलीने गोल करायचा. शब्द सांगताना मुद्दाम लांबवू नका. तसं केलं की मूल तुमच्या उच्चारावर विसंबतं. आठवड्याने मूळ शब्द न सांगता वाक्य द्या: ‘दुधात साखर घाल.’

गीत–गीतात, शरीर–शरीरात असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत. ते आधीच मिसळले तर सगळाच गोंधळ होतो. घरगुती शब्द पक्के झाल्यावर या संस्कृत शब्दांना वेगळं पान द्या.