‘प्रोपेल’ वापरताना या चुका टाळा

शब्दकोशात ‘प्रोपेल’समोर ‘पुढे ढकलणे, चालना देणे’ एवढंच दिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून वाक्य केलं की हमखास गडबड होते.

नेहमीची चूक म्हणजे ‘द बोट प्रोपेल्स फास्ट’. बोट आपली आपण प्रोपेल होत नाही, तिला काहीतरी प्रोपेल करतं. हे क्रियापद सकर्मक आहे. म्हणून ‘द एंजिन प्रोपेल्स द बोट’ म्हणा. ‘आय प्रोपेल माय कार’ हेही नको. स्टिअरिंग वळवणं, ब्रेक दाबणं, गिअर बदलणं हे सगळं ‘ड्राइव्ह’मध्ये येतं, ‘प्रोपेल’मध्ये फक्त पुढे रेटणारा जोर असतो.

हा जोर शब्दाच्या मुळातच आहे, आणि माझ्या मते तो शिकायला तिथूनच सुरुवात करावी. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘पेल्लेरे’ म्हणजे ढकलणे, हाकणे. इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकात आला तो ‘हाकलून देणे’ या अर्थाने. ‘पुढे नेणे’ हा अर्थ १७व्या शतकातला. हाकलण्याचं काम आता ‘एक्स्पेल’कडे आहे. ‘रिपेल’, ‘डिस्पेल’, ‘कम्पेल’ ही सगळी याच ‘पेल्लेरे’ची भावंडं. त्याच क्रियापदाचं दुसरं रूप ‘पुल्सुस’. त्यातून ‘प्रोपल्शन’ आलं, नाडीचा ‘पल्स’सुद्धा. त्यामुळे ‘प्रोपेलेशन’ लिहू नका, असा शब्द नाही.

‘इम्पेल’शी मात्र खरी गल्लत होते. मनातल्या एखाद्या भावनेने कृती करायला लावलं, तर ‘गिल्ट इम्पेल्ड हिम टु कन्फेस’. तिथे ‘प्रोपेल्ड’ बसत नाही. ‘प्रोपेल’ माणसाला कुठेतरी नेऊन पोचवतो, म्हणून त्याच्यापुढे ‘इन्टू’, ‘टुवर्ड्‌ज’ असे शब्द शोभतात.

स्पेलिंगचं थोडक्यात: मूळ शब्दात शेवटी एकच ‘एल’, ‘प्रोपेल्ड’मध्ये दोन. ‘ट्रॅव्हल्ड’मध्ये अमेरिकन लोक एक ‘एल’ गाळतात, इथे गाळत नाहीत, कारण आघात ‘पेल’वर आहे. उच्चारतानाही जोर तिथेच द्या.

रॉकेटवर लिहिताना ‘प्रोपेलंट’चं भाषांतर सरसकट ‘इंधन’ करतात, तेही चूक. द्रवरूप हायड्रोजन हे इंधन; ते जाळायला लागणारा द्रवरूप ऑक्सिजन इंधन नव्हे, पण प्रोपेलंटमध्ये दोन्ही मोजतात.