मुलांसोबत विद्यापीठाचं गाव पाहायला जाताना

विद्यापीठाने जाहीर केलेल्या भेटीच्या दिवशी गेलं, की त्यांनी दाखवायचं ठरवलेलं तेवढंच दिसतं. त्या गावात तीन-चार वर्षं रोजचं जगणं कसं असेल, हे कळायचं तर एरवीच्या कामाच्या दिवशी, आपले आपण जायला हवं.

आधी विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक काढा. सत्र सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेले असावेत आणि परीक्षा निदान तेवढ्याच लांब असाव्यात. वार मंगळवार ते गुरुवारपैकी धरा. शुक्रवारी दुपारनंतर जवळपासची मुलं घरची वाट धरतात. सुट्टीत तर जाऊच नका. बंद खोल्या आणि रिकामे रस्ते पाहून मुलांच्या मनात गावाविषयी जे बसतं, ते नंतर निघता निघत नाही. एक रात्र मुक्काम हवाच, कारण गावाची खरी ओळख संध्याकाळी सातनंतर होते. एका दिवसात दोन गावं उरकू नका. दुसऱ्या गावात पोहोचेपर्यंत सगळे दमलेले असतात आणि तो राग त्या गावावर निघतो.

निघण्यापूर्वी विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा: या अभ्यासक्रमाचे पहिल्या वर्षाचे वर्ग नेमके कुठे भरतात? पुष्कळ विद्यापीठांची एकाहून जास्त संकुलं असतात. माहितीपत्रकावर जुनी देखणी इमारत असते आणि पहिलं वर्ष जातं गावाबाहेरच्या नव्या संकुलात. हे न विचारल्यामुळे अख्खी फेरी चुकीच्या जागी होते.

ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावं. ग्रंथालय आणि वसतिगृह बाहेरच्यांना खुलं असेलच असं नाही. दारावर सरळ विचारा, नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका. वर्गात बसायची इच्छा असेल तर आठवडाभर आधी त्या शिक्षकांना दोन ओळींची मेल करा. वर्ग मोठा असला तरी न विचारता मागच्या बाकावर जाऊन बसू नये. प्रयोगशाळेत तर परवानगीशिवाय पाऊलही नको.

आता पायपीट. राहण्याच्या संभाव्य जागेपासून विभागापर्यंत घड्याळ लावून चाला, आणि पाठीवर रोजच्या वजनाची बॅग असू द्या. जाहिरातीतली ‘दहा मिनिटं’ बरेचदा गाडीवरची असतात. तोच रस्ता रात्री नऊला पुन्हा चाला. दिवे कुठपर्यंत आहेत, कोणती दुकानं उघडी आहेत, मुली एकट्या चालताना दिसतात का, हे पाहा. शेवटची बस किती वाजता, हे थांब्यावरच्या फलकावर वाचा आणि ती खरंच येते का, हे तिथे उभ्या असलेल्यांना विचारा.

विभागातल्या सूचना फलकासमोर मात्र निवांत पंधरा मिनिटं थांबा. इतकी खरी माहिती दुसरीकडे मिळणं अवघड. कागदांवरच्या तारखा वाचा. ताज्या सूचना किती, आणि गेल्या वर्षीच्या पिवळ्या पडलेल्या किती? तास रद्द झाल्याच्या चिठ्ठ्या एकाच विषयाच्या आहेत का? ‘खोलीत जोडीदार हवा’ अशा कागदांवर भाडं, अनामत आणि पत्ता असतो. पाच-सहा वाचले की गावातला भाव समजतो. सत्राच्या मध्यावरही असे कागद ढिगाने असतील, तर मुलं खोल्या का सोडताहेत, हे विचारायला हवं.

विद्यार्थ्यांशी बोलायला दुसऱ्या वर्षाची मुलं सगळ्यांत बरी. पहिल्या वर्षाची अजून नवखी असतात, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या चिंतेत. दोन तासांच्या मधल्या घाईत त्यांना अडवू नका. दुपारी कॅन्टीनमध्ये गाठा. इथे आई-वडिलांनी बाजूला व्हावं, म्हणजे खरंच दुसरीकडे जावं. पालक समोर असले की दोन्हीकडची मुलं शहाण्यासारखी बोलतात. ‘कॉलेज कसं आहे?’ याला ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस? आजारी पडलास तेव्हा कुठे गेलास, सोबत कोण होतं? रविवारी काय करता? शिक्षकांना शंका विचारायला शेवटचा कधी गेलास?

त्या वेळात पालकांनी एक-दोन भाड्याच्या खोल्या पाहाव्यात, वसतिगृह मिळणार असलं तरीही. नळाला पाणी किती वेळ असतं, वीजबिल कोण भरतं, मध्येच सोडल्यास अनामत किती कापतात, हे विचारा. खोलीचं दार लावून मोबाइलला रेंज येते का, हेही बघा.

परतताना पालकांनी आपलं मत आधी सांगू नये. तुमच्या तोंडून ‘मला नाही आवडलं’ निघालं, की मुलं एकतर तेच म्हणतात किंवा मुद्दाम उलट. त्याच रात्री प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर पाच-सहा ओळी लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी समोरासमोर ठेवाव्यात. जिथे मतं जुळत नाहीत तिथून बोलायला सुरुवात करा. फी, वसतिगृहातली जागा, शाखा बदलण्याचे नियम यांबद्दल गावात कोणी काहीही सांगितलं असलं, तरी प्रवेश कार्यालयाकडून उत्तर लेखीच घ्या.