अधूनमधून अडकणारी स्वयंचलित स्क्रिप्ट

संकेतस्थळावरून अहवाल आपोआप उतरवून घेणारी सेलेनियममधील (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनातील) स्क्रिप्ट कधी सुरळीत चाले, तर कधी बटण न सापडल्याने मध्येच थांबे. पान उघडल्यावर ठरावीक 5 सेकंद थांबण्याची सूचना तिच्यात होती. सर्व्हर मंद असला की तेवढा वेळ पुरत नसे. ती सूचना काढून मी सेलेनियमचीच प्रतीक्षेची सोय ‘वेबड्रायव्हरवेट’ वापरले, जे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेमध्ये वेगळे काही न सांगितल्यास दर अर्ध्या सेकंदाला तपासणी करते आणि बटण क्लिक करण्याजोगे होताच पुढे सरकते. बटणाचा आयडी (पानाच्या कोडमधील त्याची ओळख) दर वेळी बदलत असल्याने (हा छळ वेगळाच) ते त्याच्यावरील मजकुरावरून शोधले. प्लेराइट या तशाच दुसऱ्या साधनामध्ये अशी प्रतीक्षा अंगभूत असते. तरीही अशा साधनाकडून मला वेगापेक्षा अपयशाचे नेमके कारण अधिक हवे असते, म्हणून त्रुटी येताच स्क्रीनशॉट आणि पानाचे एचटीएमएल (मूळ कोड) जतन होईल अशी व्यवस्थाही केली.