ओटीपी माझ्याकडं, गेम तुमचा

रात्री साडेअकराला फोन येतो, "काका, ओटीपी आलाय का बघता का जरा?" चूक माझीच. कराडात माझं पीसी जोडायचं दुकान आहे. मशीन नेताना गिऱ्हाईक घाईत असायचं, म्हणून गेमचं खातं मी दुकानाच्याच ईमेलवर काढून द्यायचो. आता ती पोरं इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, लॅपटॉप बदलले, आणि नव्या मशीनवर लॉगिन केलं की कोड येतो माझ्या फोनवर. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

स्टीम म्हणजे पीसीवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथं गेम घेतला की स्टीमचं खातं पुरतं, असं पुष्कळांना वाटतं. रेड डेड रिडेम्प्शन २ घेतलात तर तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचं खातं आणि त्यांचा लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारा प्रोग्रॅम, वेगळा लागतो. एका दाराला दोन कुलपं. हे लपवलेलं नसतं. गेमच्या पानावर उजवीकडच्या रकान्यात 'सिंगल-प्लेअर' वगैरे लिहिलेलं असतं, त्याच्याच खाली 'रिक्वायर्स थर्ड-पार्टी अकाउंट', म्हणजे दुसऱ्या कंपनीचंही खातं लागेल, अशी पट्टी असते. ट्रेलर चारदा बघतात, पट्टी कुणी बघत नाही. यूपीआयचा पिन टाकायच्या आधी तेवढी वाचा.

'दुसरं खातं आता मागत नाहीत' यावरही विसंबू नका. हेलडायव्हर्स २ हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तेव्हा पट्टी होती, पण सोनीचं पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खातं न जोडताही खेळता येत होतं. मे महिन्यात सोनीनं सांगितलं, जोडावंच लागेल. शंभराहून जास्त देशांत पीएसएन मिळतच नाही, तिथल्या लोकांनी पैसे मोजून गेम घेतलेला! एवढा आरडाओरडा झाला की तीन दिवसांत निर्णय मागं घ्यावा लागला. आपल्याकडं पीएसएन आहे, म्हणून आपल्याला झळ बसली नाही, इतकंच.

आता खातं काढायचं कसं. ईमेल तुमचा स्वतःचा, पाच वर्षांनीही उघडणार असा. कॉलेजचा नको, कॉलेज सुटलं की तो बंद होतो. जन्मतारीख खरी टाका. १ जानेवारी ठोकून द्यायची सवय असते, आणि पासवर्ड विसरल्यावर सपोर्टवाल्यानं तारीख विचारली की तोंडाकडं बघत बसावं लागतं. पोरगं लहान असेल तर आधी आईचं किंवा वडिलांचं खातं काढा, त्याखाली मुलाचं. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी सोय, चालू केलं की फोन हाताशी नसेल तेव्हासाठी बॅकअप कोड देतात, ते कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवा. एकानं पीसीच्या कॅबिनेटच्या आत चिकटवले होते. कॅबिनेट विकताना कोडही गेले. आणि स्टीमला खातं जोडताना दोनदा बघा की बरोबर तेच खातं उघडलंय. भावाचं जोडलं गेलं तर सोडवायला सपोर्टच्या मागं लागावं लागतं.

गेम उतरवून झाला की पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्या. एकदा नेटवर चालू करून बंद करा. मग स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन' करा, राउटरची वायर काढा आणि पुन्हा चालू करा. आमच्याकडं पावसाळ्यात केबलवाल्याची लाइन दोन-दोन दिवस नसते, त्यामुळं मला ही परीक्षा ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाची वाटते. एकट्यानं खेळायचा गेम नेटशिवाय मेनूपर्यंतही जात नसेल, तर परत करा. स्टीमचा नियम सरळ आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांहून कमी. फक्त लाँचर उघडा ठेवून जेवायला जाऊ नका, तो वेळही खेळण्यातच धरला जातो.

जुना गेम घेताना अजून एक बघा: त्याची ती दुसरी सेवा जिवंत आहे का. जीटीए ४ ला मायक्रोसॉफ्टचं गेम्स फॉर विंडोज लाइव्ह लागायचं. मायक्रोसॉफ्टनं त्यातून अंग काढून घेतलं, गेमच्या नव्या कीज (प्रत्येक प्रतीचा चालू करायचा कोड) मिळेनात, आणि जानेवारी २०२० मध्ये स्टीमवर विक्रीच थांबली. मार्चमध्ये परत आला तो ती सेवा काढून, आणि मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर नेटवर खेळायचा भाग, तोही काढून. त्याचं नशीब बरं. द क्रू या गेमचे सर्व्हर यूबिसॉफ्ट कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हापासून तो अधिकृतपणे एकट्यानंही खेळता येत नाही.

एवढी कटकट नको असेल तर तोच गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आहे का बघा. तिथं ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, हार्ड डिस्कवर टाकून ठेवला की कुणाला विचारायचं काम नाही. सगळे गेम तिथं नसतात, नवे तर कमीच.

ज्यांची खाती अजून दुकानाच्या ईमेलवर आहेत त्यांनी दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी नसते. ईमेल बदलायला दहा मिनिटं लागतात. जुना पासवर्ड मात्र आठवून या, तो माझ्याकडं नाही.