पाळीची नोंद कशी ठेवावी: एंडोमेट्रिओसिसची शंका असेल तर

मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे. "मागची पाळी कधी आली?" म्हटलं की निम्म्या जणी छताकडे बघतात. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार; त्याची शंका असेल तर या तारखा कामाला येतात. म्हणून आधी एक वही घ्या.

पहिली पाळी कितव्या वर्षी आली, ते लिहा. पुढे दर महिन्याला सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख. चक्र मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत, थांबल्यापासून नव्हे. अंतर सतत 27 दिवसांहून कमी किंवा रक्तस्राव 7 दिवसांहून लांबत असेल, तर खूण करा.

हे का? पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं, तिथे गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी रुजतात, असं अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी 1920च्या दशकात मांडलं. पाळी जितकी लवकर-लवकर आणि जास्त, तितकी ही संधी वाढते. पण उलटा प्रवाह बहुतेकींना होतो, आजार साधारण 10पैकी एकीला. प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता यांचाही हात असतो. पाळी घड्याळासारखी येणाऱ्यांनाही तो होतो, हे विसरू नका.

दुखण्याचा रकाना मोठा ठेवा. "खूप दुखलं" यातून डॉक्टरांना काही कळत नाही. 0 ते 10 मध्ये आकडा द्या. शौचाला, लघवीला, संबंधांच्या वेळी दुखतं का? गोळीने उतरलं का? कोणतं काम बुडालं? (लाजून गाळलेली ओळच बहुधा कामाची असते.)

2-3 चक्रांनंतर वही दाखवा. दुखणं असह्य असेल तर लगेच जा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही, तेव्हा पुढच्या तपासणीबद्दल विचारा.