ऑपरेशननंतर फिजिओकडे जाण्याआधी: सर्जनची चिठ्ठी घेतली का?

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायाम सुरू करायचा असेल तर सगळ्यात आधी सर्जनची चिठ्ठी घ्या. फाईल वेगळी, चिठ्ठी वेगळी. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, पण किती किलोपर्यंत उचलायचं, पोटावर जोर कधीपासून द्यायचा, हात खांद्याच्या वर कधी न्यायचा, हे बहुतेक वेळा नसतं. दादांच्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर आम्ही जाडजूड फाईल घेऊन नाशिकला फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो आणि चिठ्ठी नाही म्हणून सिन्नरला परत आलो. फिजिओताईंचं बरोबरच होतं. टाके वरून सुकले तरी पोटाचा आतला थर भरायला कित्येक आठवडे लागतात. अंदाजावर कुणी वजनं हातात देणार नाही, आणि देत असेल तर तिथे जाऊ नका.

आता मावशींचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, म्हणून ही यादी पुन्हा काढली.

चिठ्ठी टाके काढायच्या दिवशीच मागा. नंतर डॉक्टर थिएटरमध्ये आणि तुम्ही बाकावर. त्यात काय हवं? कोणती बाजू, काखेतले नोड्स (लसिका गाठी) काढले का, पोटावर शौचाची पिशवी आहे का, पोटाला आधार म्हणून आत जाळी बसवली का, केमोचं पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) कुठे आहे, आजार हाडात आहे का, आणि वजनाची मर्यादा कोणत्या तारखेपर्यंत. खाली सही आणि तारीख. तोंडी ‘चालू करा व्यायाम’ एवढ्यावर उठू नका. दोन ओळी का होईना, लिहून घ्या.

सोबत ताजा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली असतील तर त्या दिवशीचा व्यायाम बदलतो किंवा थांबतो. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही कॅन्सरची औषधं दिली असतील तर टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट न्या, ही औषधं हृदयाला त्रास देऊ शकतात. चपला नकोत, बूट. मावशींसाठी पुढून बटणं असलेला सैल कुर्ता. पाणी. मधुमेह असेल तर गोळ्यांची यादी आणि खिशात साखर. पिशवी असेल तर निघण्याआधी रिकामी करा. पोटाचं ऑपरेशन असेल तर रिक्षात बसताना एक छोटी उशी पोटाशी धरायला द्या. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत ब्रेक लागले की तिची किंमत कळते.

एवढा आटापिटा कशाला, घरी चाललं तरी पुरे, असं नातेवाईक म्हणतात. त्यांना ‘चॅलेंज’ नावाची रुग्णांवर झालेली संशोधन चाचणी सांगा. तिचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि केमो उरकलेले. एका गटाला तीन वर्षं मार्गदर्शकासोबत व्यायाम, दुसऱ्याला फक्त आरोग्याची छापील माहिती. पाच वर्षांनंतर कॅन्सर पुन्हा न होता हयात ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९. आठ वर्षांनंतर हयात ९०.३ विरुद्ध ८३.२. हे आकडे त्या आजाराचे आहेत, मावशींना जसेच्या तसे लावू नका. आणि स्नायू-सांध्यांची दुखणी व्यायामाच्या गटात जास्तच होती, १८.५ टक्के विरुद्ध ११.५. देखरेख हवी ती याचसाठी, आणि देखरेख करणाऱ्याला चिठ्ठी हवी तीही याचसाठी.

पहिल्या दिवशी व्यायाम कमी, मोजमाप जास्त. फिजिओताई मावशींच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर पेनाने खुणा करतात आणि प्रत्येक खुणेवर टेप लावून आकडे लिहितात. काखेतले नोड्स काढल्यावर पुढे हाताला सूज येऊ शकते, आणि आली तर ती याच आकड्यांवरून पकडली जाते. मग बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात सहा मिनिटं चालवतात आणि विचारतात, दहापैकी दम किती लागला? आपली माणसं म्हणतात, ‘काही नाही, चाललंय.’ घरातून निघतानाच बजावून ठेवा, खरं सांगायचं. खोट्या उत्तरावर पुढचा सगळा व्यायाम ठरतो.

‘त्या हाताने आता काही उचलू नकोस’ असं म्हणणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. अगदी हलक्यापासून सुरुवात करून बेताबेताने वजन वाढवलं तर हाताची सूज वाढत नाही, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. पण बेताबेताने, आणि सर्जनने कागदावर मोकळीक दिल्यावरच. दिलीय ना?

पुढचं थोडक्यात. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं किंवा सायकल आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, तिथवर हळूहळू पोचायचं. घरच्या दिवसांसाठी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक बरा, पांडवलेणीच्या पायऱ्या इतक्यात नकोत. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर जागेवरची सायकल. ताप, छातीत दुखणं, एकाच पोटरीला किंवा हाताला अचानक सूज, जखमेतून पाणी: व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. मध्ये केमो किंवा रेडिएशन सुरू झालं, दुसरं ऑपरेशन झालं, तर जुनी चिठ्ठी चालणार नाही, नवी घ्या. फोनमध्ये फोटो काढा आणि मूळ कागद फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा.